मुलांची अ‍ॅलर्जी टेस्ट: कोणती उपयोगाची, कोणती पैसे वाया घालवणारी?

मुलाच्या अंगावर सारख्या गांधी उठतायत. आजी म्हणते पित्त आहे. शेजारच्या काकू म्हणतात वांगं बंद करा. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एका पॅकेजची जाहिरात टाकतं: रक्ताच्या एका नमुन्यात शंभरहून जास्त पदार्थांची तपासणी, सॅम्पल घरी येऊन नेणार. काही हजार रुपये भरले जातात आणि दोन-चार दिवसांनी मोबाइलवर पीडीएफ येते. दूध, गहू, तूरडाळ, शेंगदाणा, टोमॅटो, सगळं लाल रंगात. त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न, पोराला खायला द्यायचं तरी काय?

गंमत म्हणजे त्या रिपोर्टमध्ये लॅबने काहीही चुकीचं मोजलेलं नसू शकतं, आणि तरीही त्या मुलाला यातल्या एकाही पदार्थाची अ‍ॅलर्जी नसू शकते.

हे कसं शक्य आहे, ते भारतातल्याच एका अभ्यासातून कळतं. युरोप्रिव्हॉल-इन्को नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात बंगळुरू आणि म्हैसूरमधल्या शाळकरी मुलांची पाहणी झाली होती. अन्नपदार्थांविरुद्धची अँटीबॉडी रक्तात सापडण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्के निघालं. पण पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो आणि टेस्टही त्याच पदार्थाला पॉझिटिव्ह आहे, अशी मुलं होती फक्त ०.१४ टक्के. म्हणजे हजार मुलांची सरसकट टेस्ट केली तर दोनशेच्या आसपास मुलांच्या रिपोर्टमध्ये काहीतरी लाल येईल, आणि खरी फूड अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता असलेली मुलं असतील एक किंवा दोन.

टेस्ट नेमकं काय मोजते?

'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी पहिल्यांदा वापरला. पण अ‍ॅलर्जी घडवणारा रक्तातला घटक सापडायला १९६० चं दशक संपत यावं लागलं. त्याचं नाव आयजीई. ही एक प्रकारची अँटीबॉडी आहे. ती शरीरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते, आणि शेंगदाण्याचं किंवा अंड्याचं प्रोटीन समोर आलं की त्या पेशींमधून हिस्टामिन आणि इतर रसायनं बाहेर पडतात. मग गांधी, खाज, ओठ सुजणं, उलटी, छातीत घरघर.

पण आयजीई असणं आणि अ‍ॅलर्जी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच मुलांच्या रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई असते आणि ती मुलं तोच पदार्थ रोज मजेत खात असतात. डॉक्टर याला 'सेन्सिटायझेशन' म्हणतात. बाजारातली कुठलीही टेस्ट फक्त हे सेन्सिटायझेशन दाखवते. त्रास होतो की नाही, हे मुलाकडे बघूनच कळतं.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. अनेक लॅब 'टोटल आयजीई' मोजतात आणि आकडा मोठा आला की घरचे घाबरतात. पोटात जंत असले तरी हा आकडा वाढतो. एक्झिमा असलेल्या मुलांमध्येही तो भरपूर जास्त येतो. नुसत्या टोटल आयजीईवरून कशाची अ‍ॅलर्जी आहे हे सांगता येत नाही, आणि अ‍ॅलर्जी आहे की नाही हेसुद्धा ठामपणे सांगता येत नाही.

डॉक्टर सुईच्या आधी प्रश्न का विचारतात?

चांगला अ‍ॅलर्जी तज्ज्ञ पहिल्या भेटीत बराच वेळ नुसता बोलत बसतो. पालकांना वाटतं वेळ काढतायत. खरं तर सगळ्यात महत्त्वाची तपासणी तीच असते.

काय खाल्लं, किती खाल्लं, त्यानंतर किती वेळाने त्रास झाला, याआधी तोच पदार्थ खाल्ला होता का, आणि नंतर पुन्हा खाल्ल्यावर काय झालं? आयजीईमुळे होणारी फूड अ‍ॅलर्जी सहसा काही मिनिटांत, जास्तीत जास्त दोन तासांच्या आत दिसते. अर्धं उकडलेलं अंडं दिलं आणि वीस मिनिटांत तोंडाभोवती लाल चट्टे उठून उलटी झाली, तर संशय पक्का. याउलट रविवारी कोळंबी खाल्ली आणि मंगळवारी गांधी उठल्या, तर कोळंबीला दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

गांधींबद्दल तर एक गोष्ट फार कमी पालकांना सांगितली जाते. लहान मुलांच्या अंगावर अचानक उठणाऱ्या गांधींमागे बऱ्याचदा साधं व्हायरल इन्फेक्शन असतं. आणि गांधींचा त्रास सहा आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज चालू असेल, तर त्यामागे अन्नाची अ‍ॅलर्जी निघणं दुर्मीळ आहे. अशा मुलांना शंभर पदार्थांचं पॅनल करायला लावणं म्हणजे हरवलेली किल्ली दुसऱ्याच्या घरात शोधणं.

दिवाळीच्या साफसफाईत शिंकांचा पाऊस पडतो तेव्हा धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची, म्हणजे डस्ट माइटची अ‍ॅलर्जी असू शकते. त्यासाठी टेस्ट उपयोगी आहे. पण फटाक्यांच्या धुराने, उदबत्तीने किंवा थंड हवेने खोकला येतो तेव्हा श्वासनलिका नुसती चिडलेली असते. धुराची अ‍ॅलर्जी टेस्ट नसते.

या भेटीला जाताना दोन गोष्टी नेल्या तर मोठी मदत होते: त्रास झाला तेव्हाचे मोबाइलवर काढलेले फोटो, आणि त्या दिवशी काय काय खाल्लं याची नोंद. पुरळ डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत गायब होतं, फोटो राहतो.

स्किन प्रिक टेस्ट: पंधरा मिनिटांत उत्तर

तात्काळ होणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी जगभर सगळ्यात आधी हीच टेस्ट वापरली जाते. मुलाच्या हातावर, अगदी लहान असेल तर पाठीवर, पेनाने खुणा करतात. प्रत्येक खुणेपाशी संशयित पदार्थाच्या द्रावाचा एक थेंब ठेवतात आणि छोट्या टोकदार लॅन्सेटने त्वचेला हलकं टोचतात. रक्त येत नाही. दुखणं इंजेक्शनपेक्षा बरंच कमी, पण खाज सुटते आणि खाजवायचं नाही हे तीन वर्षांच्या मुलाला समजावणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग.

सोबत आणखी दोन थेंब असतात. एक हिस्टामिनचा, जो प्रत्येकाच्या त्वचेवर उठायलाच हवा. दुसरा साध्या सलाइनचा, जो उठायला नको. पंधरा-वीस मिनिटांनी उंचवटे मोजतात. सलाइनच्या तुलनेत ३ मिलिमीटर किंवा जास्त आला तर पॉझिटिव्ह. हिस्टामिनचा थेंबच उठला नाही, तर ती टेस्ट बाद.

तो बाद होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे औषध. सेटिरिझिन, लेवोसेटिरिझिनसारखी अँटिहिस्टामिन औषधं साधारण पाच ते सात दिवस आधी बंद ठेवावी लागतात. इथे घोळ होतो तो असा की, घराघरात असलेल्या सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्येही क्लोरफेनिरामिनसारखं अँटिहिस्टामिन असतं. मॉन्टेलुकास्ट एकट्याने अडचण करत नाही, पण आपल्याकडे ते बऱ्याचदा लेवोसेटिरिझिनसोबत एकाच सिरपमध्ये येतं. त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या बाटल्या डॉक्टरांना दाखवलेल्या बऱ्या. दम्याचा पंप मात्र या टेस्टसाठी बंद करायचा नसतो.

'मूल पाच वर्षांचं होईपर्यंत टेस्ट करता येत नाही' असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. ते खरं नाही. ही टेस्ट तान्ह्या बाळाचीही करता येते. फक्त बाळांच्या त्वचेवरचा उंचवटा लहान येतो, आणि धूळ-परागकणांसारख्या हवेतल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी सहसा थोडं वय वाढल्यावर तयार होते. म्हणून एक वर्षाच्या बाळासाठी दूध, अंडं, गहू, शेंगदाणा यांतलं जे संशयित असेल तेवढंच तपासतात.

फळं, भाज्या किंवा कोळंबीच्या बाबतीत काही डॉक्टर घरून तो ताजा पदार्थच आणायला सांगतात. लॅन्सेट आधी पदार्थात टोचतात, मग त्वचेत. पाहायला गावठी वाटतं, पण काही पदार्थांसाठी बाटलीतल्या द्रावापेक्षा हीच पद्धत जास्त भरवशाची असते.

याच टेस्टचा एक भाऊ आहे, इंट्राडर्मल. त्यात द्राव सुईने त्वचेच्या आत सोडतात. काही औषधांच्या अ‍ॅलर्जीसाठी ती वापरतात. अन्नपदार्थांसाठी ती करू नये, कारण खोटे पॉझिटिव्ह जास्त येतात आणि तीव्र रिअ‍ॅक्शनचा धोकाही वाढतो. कुणी तुमच्या मुलावर शेंगदाण्याची इंट्राडर्मल करायला निघालं, तर थांबवा.

मग रक्ताची टेस्ट कधी?

अंगभर एक्झिमा असल्यामुळे टोचायला मोकळी त्वचाच नसेल, अँटिहिस्टामिन बंद करणं शक्य नसेल, किंवा नुसतं बोट ओढलं तरी त्वचेवर वळ उठत असतील, तर रक्तातली 'स्पेसिफिक आयजीई' तपासतात. यासाठी उपाशी राहावं लागत नाही, औषधं बंद करावी लागत नाहीत. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि खर्च जास्त येतो.

रिपोर्टमध्ये ०.३५ पेक्षा वरचा आकडा पारंपरिकपणे पॉझिटिव्ह धरतात. पुढे 'क्लास १' ते 'क्लास ६' असे वर्ग असतात आणि गैरसमज इथेच सुरू होतो. क्लास ४ म्हणजे जोरदार अ‍ॅलर्जी, असा अर्थ नाही. आकडा जितका मोठा, तितकी अ‍ॅलर्जी खरी असण्याची शक्यता जास्त, एवढंच. रिअ‍ॅक्शन किती तीव्र येईल हे ना या आकड्यावरून कळतं, ना प्रिक टेस्टच्या उंचवट्यावरून.

निगेटिव्ह रिपोर्ट मात्र बराच विश्वासार्ह असतो. प्रिक टेस्ट निगेटिव्ह आली तर त्या पदार्थाची तात्काळ अ‍ॅलर्जी नसण्याची शक्यता खूप मोठी असते. अपवाद एक: नुकतीच मोठी रिअ‍ॅक्शन येऊन गेली असेल तर काही आठवडे टेस्ट चुकून निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून डॉक्टर साधारण चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात.

कोकणातल्या आणि किनाऱ्यावरच्या घरांसाठी एक खास गोष्ट. कोळंबी, खेकडा, डस्ट माइट आणि झुरळ या सगळ्यांत ट्रोपोमायोसिन नावाचं एकमेकांशी मिळतंजुळतं प्रोटीन असतं. त्यामुळे डस्ट माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचा कोळंबीचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येऊ शकतो. ते मूल आजवर कोळंबीचं कालवण आणि जवळ्याची चटणी निवांत खात असेल, तर त्या रिपोर्टसाठी ताट बदलायची गरज नसते.

पदार्थ बंद करून बघायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती मोठी आहे. अमेरिकेत डेन्व्हरच्या नॅशनल ज्यूइश हेल्थ या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये १२५ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. यातल्या बहुतेकांना एक्झिमा होता आणि टेस्टच्या रिपोर्टवरून बरेच पदार्थ बंद केलेले होते. डॉक्टरांच्या देखरेखीत ते पदार्थ खायला दिल्यावर बंद केलेल्यांपैकी ८४ ते ९३ टक्के पदार्थ मुलांच्या आहारात परत आणता आले.

दूध, डाळ, गहू एकदम बंद झाल्याने वजन आणि उंची अडते, हे एक. दुसरं जास्त काळजीचं आहे. एक्झिमा असलेलं मूल जो पदार्थ रोज पचवत होतं तो अनेक महिने बंद केला, आणि नंतर पुन्हा दिला, तर काही मुलांमध्ये त्याच पदार्थाची खरी, तात्काळ अ‍ॅलर्जी उमटल्याचं डॉक्टरांनी पाहिलं आहे. सवय मोडली की शरीराची सहनशीलताही जाऊ शकते.

शेंगदाण्याच्या बाबतीत तर जगभरचा सल्लाच उलटा झाला. २०१५ मध्ये लंडनच्या लीप अभ्यासात ६४० बाळं होती, सगळी एक्झिमा किंवा अंड्याच्या अ‍ॅलर्जीमुळे जास्त धोक्याची. ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी टाळणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी निघाली. आपल्याकडे भाजीत, कोशिंबिरीत कूट पडतंच. अख्खा दाणा मात्र लहान मुलाला देऊ नये, तो घशात अडकतो. आणि तीव्र एक्झिमा असलेल्या बाळाला पहिल्यांदा देण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

शेवटचा शब्द कुणाचा? ओरल फूड चॅलेंजचा

संशय राहिलाच तर तो पदार्थ प्रत्यक्ष खायला देऊन बघणं, हीच फूड अ‍ॅलर्जीची सगळ्यात पक्की टेस्ट आहे. हॉस्पिटलमध्ये अगदी छोट्या घासापासून सुरुवात करतात, दर १५ ते ३० मिनिटांनी प्रमाण वाढवत नेतात आणि शेवटच्या घासानंतर काही तास मुलाला तिथेच ठेवतात. अख्खा दिवस जातो. अ‍ॅड्रेनालिन हाताशी तयार असतं. म्हणूनच तात्काळ अ‍ॅलर्जीचा संशय असेल तर हा प्रयोग घरी करायचा नाही, 'थोडंसं चाटवून बघू' असंही नाही.

सगळ्या शहरांत ही सोय नाही. अ‍ॅलर्जी हाच विषय घेऊन शिकलेले डॉक्टर आपल्याकडे कमी आहेत, त्यामुळे जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञच हे काम बघतात. टेस्ट ठरवण्याआधी 'चॅलेंजची वेळ आली तर तुम्ही कराल की कुठे पाठवाल?' हा प्रश्न विचारून ठेवायला हरकत नाही.

दुधाचा घोळ

तान्ह्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात, बाकी बाळ हसतंखेळतं. ही गायीच्या दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असू शकते, पण तिच्यात आयजीईचा हात नसतो. म्हणून प्रिक टेस्टही निगेटिव्ह आणि रक्तही निगेटिव्ह. इथे टेस्ट एकच: डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध बंद, आणि बरं वाटल्यावर पुन्हा देऊन बघणं. बाळ अंगावर पीत असेल तर दूधदुभतं आईने बंद करायचं, स्तनपान नाही. आणि 'पुन्हा देऊन बघणं' ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते, त्यामुळे आजार नसतानाही मूल वर्षानुवर्षं दुधावाचून राहतं.

गायीचं दूध चालत नाही म्हणून शेळीचं किंवा म्हशीचं देणं हा गावोगावचा उपाय. तो चुकीचा आहे. तिन्ही दुधांतली प्रोटीनं इतकी सारखी असतात की गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बाकीची दोन्हीही चालत नाहीत. लॅक्टोज न पचणं ही तिसरीच गोष्ट, ती साखरेची अडचण आहे, अ‍ॅलर्जी नाही.

पॅच टेस्ट वेगळी

कानातल्यामुळे कान चिघळतो, पट्ट्याच्या बकलपाशी बेंबीखाली पुरळ येतं, सँडलच्या आकाराचे चट्टे पायावर उमटतात. ही उशिरा उमटणारी संपर्काची अ‍ॅलर्जी, आणि तिच्यासाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तास ठेवतात आणि नंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठीवर पाणी घ्यायचं नाही. मुलांमध्ये निकेल हा नेहमीचा गुन्हेगार. दुसरा म्हणजे जत्रेत-लग्नात काढली जाणारी झटपट काळी मेंदी. तिच्यात बऱ्याचदा हेअर डायमधलं पीपीडी हे रसायन मिसळलेलं असतं.

या टेस्टवर एक रुपयाही घालवू नका

अन्नाविरुद्धची आयजीजी टेस्ट, जी 'फूड इनटॉलरन्स टेस्ट' म्हणून विकली जाते. आयजीजी म्हणजे तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे, इतकंच. जो भात मूल रोज खातं त्याचा आकडा येणारच. युरोप, अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटनांनी ही टेस्ट अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. केसांची तपासणी आणि हातात धातूची कांडी धरायला लावणारी मशीन तर त्याहून पुढची.

फाइलवरचा जुना शिक्का

तापात अमॉक्सिसिलिन दिलं, पुरळ आलं, फाइलवर लाल अक्षरात 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' लिहिलं गेलं. असा शिक्का बसलेल्या मुलांची नीट तपासणी केली तर ९० टक्क्यांहून अधिक मुलांना ते औषध चालतं. पुरळ बहुतेकदा मूळच्या व्हायरल तापाचं असतं. शिक्का तसाच राहिला तर मुलाला विनाकारण दुसरी, जास्त महागडी अँटिबायोटिक्स मिळत राहतात.

अन्नाचंही तसंच आहे. दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली बहुतेक मुलं वाढत्या वयात त्यातून बाहेर पडतात, शेंगदाण्याची मात्र साधारण पाचातलं एक. म्हणून वर्षभराने टेस्ट परत करून चॅलेंजचा विचार करतात. बऱ्याच मुलांना उकडलेलं अंडं चालण्याआधी केकमधलं भाजलेलं अंडं चालायला लागतं.

तोवर पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन आणि ग्लूटेन असलेली धान्यं यांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. आणि कधी खाल्ल्यावर अंगावर गांधींसोबत दम लागला, आवाज घोगरा झाला, सारख्या उलट्या झाल्या किंवा मूल गळून पडलं, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस असू शकते. तिथे अ‍ॅलर्जीच्या सिरपचा उपयोग नाही. मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, त्यामुळे १०८ ला फोन करून किंवा जे वाहन मिळेल त्याने जवळचं हॉस्पिटल गाठायचं, मुलाला आडवं ठेवून, आणि श्वास लागत असेल तर बसवून. परदेशात मिळणारं पेनासारखं ऑटो-इंजेक्टर आपल्याकडे सहज मिळत नाही. पूर्वी अशी रिअ‍ॅक्शन आलेल्या मुलांच्या पालकांना काही डॉक्टर अ‍ॅम्प्यूल आणि सिरिंज घरी ठेवायला देतात, आणि ती कशी टोचायची हे शिकवतात. तुमच्या डॉक्टरांनी दिली नसेल तर विचारा.